अर्धा बाण

शरयूताई बँकेत किंवा वॉर्ड ऑफिसात जपानी बोलायला लागल्या, की समोरचा कारकून आधी दचकायचा आणि मग मान खाली घालून हसू दाबायचा. कारण त्या जपानी शिकल्या होत्या डोंगरातल्या म्हाताऱ्या शिकाऱ्यांकडून. जपानी बायका 'मी' म्हणताना 'वाताशी' म्हणतात. या खुशाल पुरुषांसारखं 'ओरे' म्हणायच्या, तेही दरडावल्याच्या सुरात. मी एकदा दुरुस्त करायला गेले. म्हणाल्या, "राहू दे गं. गोड बोललं की हे लोक मान डोलावतात आणि करत काहीच नाहीत."

ताई मूळच्या पुण्याच्या, पशुवैद्य, चातुर्मासात कांदासुद्धा न खाणाऱ्या घरातल्या. उत्तर जपानातल्या एका विद्यापीठात त्या हरणांच्या हाडांचा अभ्यास करायच्या आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. मोठ्या भूकंपाला दोनेक वर्षं झाली होती. रानात हरणं बेसुमार वाढली होती, शेतं फस्त करत होती. गावचे शिकारी रविवारी त्यांना मारायचे. पण अणुभट्टीच्या अपघातानंतर त्या भागातलं हरणाचं मांस विकायला बंदी होती, म्हणून खड्डा खणून पुरायचे. पुरण्याआधी ताई जबडे, पाय, बरगड्या मागून आणायच्या.

हरणाला जपानीत 'शिका' म्हणतात. सकाळी प्रयोगशाळेत आल्या की टेबलावरच्या हाडांकडे बोट दाखवून ताई मला म्हणायच्या, "ते काय म्हणतंय? शिका! मग शिका की!" आणि शिकायचं काय, तर मोडून वाकडे जुळलेले पाय. छर्रा आत घेऊन त्याभोवती वाढलेली बरगडी. तारेच्या फासात खूर तुटून गेलेल्या पायाचं, खुंटावर चालून चालून टोक गुळगुळीत झालेलं हाड. आमच्याकडचे विद्यार्थी त्याचे फोटो काढायचे. काय ही जगण्याची जिद्द, म्हणायचे. ताईंचं डोकं फिरायचं. "जगलं म्हणजे दुखलं नाही, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

एका हिवाळ्यात आम्ही शिकाऱ्यांच्या टोळीबरोबर डोंगरात गेलो होतो. टोळीचे म्होरके सुगावारा-सान. त्यांच्या गोळीने एका नराचा खालचा जबडा फुटला आणि तो बर्फावर रक्त सांडत दाट झुडपांत शिरला. सूर्य मावळायला आला होता, आणि मावळल्यावर बंदूक चालवायला कायद्याने मनाई. ताई म्हणाल्या, उद्या सकाळी कुत्री घेऊन या. पण उद्या सोमवार, सगळ्यांना कामं. "हान्या," एवढंच बोलून सुगावारा-साननी बंदूक खोळीत घातली. हान्या म्हणजे अर्धा बाण. जखमी होऊन निसटलेल्या जनावराला शिकारी असं म्हणतात. वर कुणीतरी म्हणालं, "डोंगराचं होतं, डोंगराला परत दिलं."

"डोंगराने मागितलं होतं का?" ताई कडाडल्या.

मंडळी हसली. मला आजही ते हसू आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघीच शोधायला गेलो. रात्रीच्या बर्फाने माग पुसून टाकला होता. ताई वाटभर मराठीत शिव्या देत होत्या, आणि मी त्यात भर घालत होते.

पुढच्या हिवाळ्यात फासात एक नर सापडला. खालचा जबडा तिरका जुळलेला, एका बाजूचे दात वेडेवाकडे वाढलेले, गळा लाळेने भिजलेला, अंगावर नुसती हाडं. तोच असावा. सुगावारा-साननी त्याला एका गोळीत संपवलं आणि मग टोपी काढून त्याच्यापुढे वाकले. "केवढा कणखर," ते म्हणाले. "जनावराला आपल्यासारखं दुखत नाही. दुखलं असतं तर जगला असता का?"

ताई बर्फात गुडघे टेकून बसल्या आणि त्यांनी त्याचं तोंड उघडून दाखवलं. "हे बघ. वर्षभर प्रत्येक घास याने असा चावलाय. दुखतं म्हणून खायचं सोडलं असतं तर मेला असता. दुसरं काय करणार होता तो?"

"आम्हीही सोसलंच की," सुगावारा-सान म्हणाले. भूकंपानंतरच्या त्सुनामीत त्यांचं घर समुद्राने नेलं होतं. ते अजून दोन खोल्यांच्या तात्पुरत्या घरात राहत होते. "टीव्हीवाले येतात. तुम्ही लोक किती कणखर, म्हणतात."

"म्हणणारच. कणखर म्हटलं की त्यांचं काम संपलं. तुला दुखतं का, हे विचारलं कुणी?"

वयाने वडिलांएवढ्या माणसाला ताई तिथल्याच अरेतुरेच्या भाषेत हे विचारत होत्या.  सुगावारा-साननी वाकून त्या जबड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नाही. कुणीच नाही विचारलं."

त्यानंतर हान्या झालं की ते दुसऱ्या दिवशी काम सोडून कुत्रा घेऊन जायचे. टोळीतले बाकीचे जात नसत. सगळे सुधारले वगैरे काही झालं नाही.

काही वर्षांनी ताईंना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. मी तेव्हा नोकरीसाठी योकोहामात होते, त्यांना तिथल्याच इस्पितळात ठेवलं. तरुण डॉक्टर कौतुकाने म्हणाला, "तुम्ही फार छान सहन करताय." ताई म्हणाल्या, "मी सहन करत नाहीये. मला दुखतंय. औषध वाढव." औषध वाढायचं ते फार सावकाश वाढायचं. तोवर त्या ओरडायच्या, उशी फेकायच्या, माझं मनगट आवळून म्हणायच्या, "दुखतंय गं, फार दुखतंय." मी नर्सशी रोज भांडायचे. शेवटचे दोन दिवस तेवढे शांत गेले.

शोकसभेला मराठी मंडळी जमली. इस्पितळात एकदा उभ्या उभ्या फळं देऊन गेलेले एक गृहस्थ बोलायला उठले. म्हणाले, "काय ती सोशिक बाई! शेवटपर्यंत हसतमुख. हूं की चूं केलं नाही." लोकांनी डोळे पुसले.

मी उभी राहिले. "खोटं आहे हे. त्यांना भयंकर दुखत होतं, आणि त्या रोज ओरडून सांगत होत्या. ऐकायला तुम्ही थांबला नाहीत."

 शेजारच्या बाई माझा हात धरून मला खाली ओढू लागल्या. "बस गं आता," त्या कुजबुजल्या. मी बसले नाही.