पाचवी नोंद

ग्लेनिस कायपर आमच्या वोडोंगाच्या शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं आहे. कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणाला न्यायला आजोबाच येणार आणि कुणाच्या काकांच्या हाती मूल मुळीच द्यायचं नाही, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. बावीस सालच्या सुरुवातीला शाळा उघडल्या आणि त्या डोक्यात करोनाच्या चाचण्याही येऊन बसल्या. ऑफिसात बसायला खुर्ची सापडेना, इतकी खोकी. आठवड्यातून दोनदा मुलांनी घरी चाचणी करायची, पॉझिटिव्ह आली तर आईबापांनी शाळेच्या यादीत नोंद करायची. नोंद आली की ग्लेनिसनं त्या वर्गाच्या सगळ्या घरांना कळवायचं.

तिची बहीण ब्रिस्बेनला. तिकडे क्वीन्सलंडात धडधाकट मुलांची चाचणी करायची पद्धतच नव्हती. ती फोनवर हसायची, की तुम्ही उकरत बसा पोरांची नाकं. उकरलं की सापडणारच, आणि मग बातम्यांत आकडा बघून रडत बसता. आकडा कसा तयार होतो ते ग्लेनिस रोज बघत होती. जो चाचणी करतो आणि वर खरं सांगतो, तेवढाच मोजला जातो. बाकीच्यांच्या मुलांना 'सकाळी जरा पोटात दुखत होतं'.

त्यात आमचं गाव दोन राज्यांत. नदीच्या अलीकडे वोडोंगा, व्हिक्टोरियात. पलीकडे ऑल्बरी, न्यू साऊथ वेल्समध्ये. पाव इकडे घ्यायचा आणि दात तिकडे दाखवायचे, असं जगणं. पण नियम बनवणारे दोन, आणि दोघांचीही राजधानी दूर.

सहावीच्या वर्गाचा तीन दिवसांचा कॅम्प होता. बस बुधवारी सकाळी पावणेआठला. या मुलांचा चौथीतला कॅम्प लॉकडाऊननं खाल्ला, पाचवीतला सरहद्द बंद झाल्यानं गेला. पुढच्या वर्षी ती हायस्कुलात पांगणार, म्हणजे हा शेवटचा. डोंगरातल्या त्या कॅम्पच्या मालकाची एकच अट होती: मागच्या सात दिवसांत वर्गात पाच जणांची नोंद झाली असेल तर त्या वर्गानं येऊ नये. त्याच्या बायकोची केमो चालू होती. ग्लेनिसला अट पटली होती.

सोमवारी सकाळी यादीत पाच नावं होती.

ग्लेनिसनं ती वाचली, मग परत वाचली. चौथं नाव आयव्ही बॅसेट. पाचवं आयव्ही लिंडक्विस्ट. आयव्ही वर्गात एकच. आई टॅम्सिन बॅसेट अलीकडे राहते, बाप ब्रॅडली लिंडक्विस्ट पलीकडे, आणि पोरगी एक आठवडा इकडे, एक तिकडे. रविवारी सकाळी आईनं चाचणी केली, पॉझिटिव्ह आली, तिनं नोंद केली. दुपारी बापाचा आठवडा सुरू झाला. आधीच्या बायकोच्या शब्दावर त्याचा विश्वास कधीच नव्हता, तो करोनाच्या बाबतीत कुठून येणार? त्यानं परत चाचणी केली आणि आपलं आडनाव, आपला पत्ता घालून परत नोंद केली. दोघंही नियमाला धरून.

मुख्याध्यापक डेनिस म्हणाले, यादी पाच म्हणते तर पाच. चूक आहे हे मला कळतंय, पण मी हातानं नाव खोडलं आणि उद्या काही झालं तर?

ग्लेनिसनं मदतकेंद्राला फोन लावला. चाळीस मिनिटं तेच गाणं ऐकल्यावर एक मुलगी बोलली, की पत्ता नदीपलीकडचा आहे, तिकडे विचारा. तिकडच्यानं सांगितलं, शाळा अलीकडची, तिकडेच विचारा. पोरगी एक आणि नियम दोन, म्हणून ती दोन झाली, हे ग्लेनिसनं दोन्हीकडे सांगितलं. दोन्हीकडे तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. तेच तिला सगळ्यात झोंबलं. मंगळवारी, चौथ्या फोनला, कुणीतरी सरळ सांगितलं: ज्याच्या फोनवरून नोंद झाली, त्यालाच ती मागे घेता येते.

मग टॅम्सिन. ती म्हणाली, माझी पहिली होती, मी नाही घेणार. उरला ब्रॅडली, आणि तो फोन उचलेना. शाळा सुटल्यावर ग्लेनिस पूल ओलांडून त्याच्या घरी गेली आणि फाटकाबाहेर मास्क लावून उभी राहिली. ब्रॅडली दारात आला. हातात चमचा, स्वयंपाक चालू असावा.

"टॅम्सिननं पाठवलं ना तुला?" तो म्हणाला.

"मला कुणी पाठवत नाही रे. पंचवीस पोरांचा कॅम्प अडलाय तुझ्या नोंदीवर."

"माझी नोंद गेली की कागदावर आयव्ही तिच्याकडे. उद्या वकिलाला दाखवेल, हा आठवडा माझ्याकडे नव्हतीच म्हणून. मी ओळखतो तिला."

"पोरगी तुझ्या घरात खोकतेय, ब्रॅडली. मला इथवर ऐकू येतंय. कागदावर आणखी कशाला हवी?"

तो आत जाऊन गॅस बारीक करून आला. मग म्हणाला, ती माझ्याकडे होती असं शाळेकडून लिहून दे. ग्लेनिसनं गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहून दिलं. त्यानं तिच्यासमोर फोन काढला आणि नोंद मागे घेतली. यादीत चार उरले. डेनिसनी रात्रीच्या जेवणाआधी सगळ्या घरांना निरोप धाडला: बस वेळेवर.

बुधवारी सकाळी आवारात बॅगा, उशा, झोपायच्या वळकट्या आणि आरडाओरडा. डेनिस बसच्या पोटात सामान भरत होते. ऑफिसात ग्लेनिस एकटीच. सात वीसला फोन वाजला. सहावीतल्या मेव्हचा बाप, वॉरिक.

"मेव्हची दुसरी रेघ आलीय," तो म्हणाला. "फिकट आहे, पण आहे. उजेडात नेऊन बघितली. ती येत नाही. रडतेय, पण नाही पाठवत. बाकीची मजेत जाऊन येऊ देत."

पाचाची अट त्याला माहीतच नव्हती. आईबापांना ती कुणी सांगितली नव्हती, उगीच धास्ती नको म्हणून.

मला फोनवर ती नोंद करता येत नाही, तूच कर, असं तो म्हणाला. तो खाणीवर जाणारा माणूस. चेहरा शांत, बोटं जाड. ग्लेनिसनं बरं म्हणून फोन ठेवला. बस सुटायला पंचवीस मिनिटं होती. आठला केली असती तरी नोंद आजचीच. कुणी विचारलं नसतं. खिडकीतून तिला मुलं दिसत होती. एकानं उशी दुसऱ्याच्या डोक्यात घातली, आणि त्यावर दोघंही खिदळली.

सात सव्वीसला तिनं मेव्हचं नाव घातलं. बाहेर जाऊन डेनिसना सांगितलं. त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली, आणि बसच्या पोटातली पहिली बॅग बाहेर ओढली.

त्यानंतरचा तासभर ग्लेनिसनं पुढच्या दारात उभं राहून ऐकून घेतलं. एक आई म्हणाली, अर्ध्या तासानं फोन उचलला असतास तर काय बिघडलं असतं? दुसरी म्हणाली, क्वीन्सलंडात बरं, विचारतच नाहीत. तिला ग्लेनिसच्या बहिणीबद्दल काही माहीत नव्हतं. ब्रॅडलीचाही निरोप आला: मग माझी कशाला खोडायला लावलीस? या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते लिहायला बसलं की दोन पानं झाली असती. तिनं फोन पालथा ठेवला.

दहाच्या सुमाराला वॉरिकचा परत फोन. पोरीला ताप नव्हता, टोस्ट खाल्ला होता.

"निघाली का मुलं?" त्यानं विचारलं.

"नाही. कॅम्प रद्द झाला."

पलीकडे टीव्हीचा आवाज.

"म्हणजे माझ्या मेव्हमुळे?"

"नाही," ग्लेनिस म्हणाली. "पाच जणांमुळे. तू फक्त फोन केलास."

"मेव्हला काय सांगू?"

ग्लेनिस म्हणाली, दे तिला फोन, मी बोलते.