रविवारची चार डिग्री

ईशाने दोन कागद माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले. एक माझा टेम्परेचर लॉग, म्हणजे कोल्ड रूमचं तापमान रोज लिहायचा तक्ता. दुसरा बाहेरच्या कंपनीचा सर्व्हिस रिपोर्ट. रविवारी दिवसभर कोल्ड रूम बंद ठेवून आतला बर्फ काढला, असं त्यात होतं. माझ्या तक्त्यात त्याच रविवारी चार डिग्री.

"सलीम अंकल, वेअर यू हिअर ऑन संडे?"

मी नव्हतो. रविवारी माझी सुट्टी. मी रूमवर कपडे धूत होतो.

दुबईत रास अल खोरच्या एका भाजीच्या गोदामात मी रेफ्रिजरेशन टेक्निशियन आहे. माझी शाळा नववीत सुटली. इथल्या मॅनेजरसाहेबांनी माझं काम बघून व्हिसा काढला, सर्टिफिकेट मागितलं नाही. ईशा त्यांची मुलगी, बारावीत. तिच्या शाळेत शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतःचं संशोधन करावं लागतं, सीनियर प्रोजेक्ट. त्यात पास झाल्याशिवाय ग्रॅज्युएशन नाही, म्हणजे शाळा पूर्ण झाल्याचं सर्टिफिकेट नाही. तिचा विषय, कोल्ड रूममधली कोथिंबीर किती दिवसांत पिवळी पडते. सहा आठवड्यांची रीडिंग्ज साहेबांनी माझ्यावर सोपवली. मला केवढं बरं वाटलं होतं. शाळेच्या कामात मला कोणी धरलं, ते पहिल्यांदाच.

आमच्या कामात तक्त्यातला चौकोन रिकामा ठेवत नाहीत. रिकामा दिसला की सुपरवायझर झापतो. शनिवारी चार होती ना, मग रविवारीही चार, खलास. सगळेच करतात. सहाही रविवार मी सोमवारी चहा पिता पिता भरले होते.

ईशाने हौसेने दोन्ही कागद प्रोजेक्टला जोडले होते. टीचरने फरक पकडला. मी तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही.

"अँड द अदर डेज, अंकल? आर दे रिअल?"

ते खरे होते. पण सांगताना माझाच आवाज मला खोटा वाटला.

साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं. तापमानाचा मीटर बिघडला होता असं लिहून सही कर, पोरगी सुटेल आणि तूही सुटशील, असं त्यांचं म्हणणं. या माणसामुळे माझ्या गावच्या घराला पक्का स्लॅब झाला. हात पेनाकडे गेलाही.

"साहेब, सर्व्हिसवाल्यांनी त्याच दिवशी मीटरही तपासलाय. रिपोर्टात ओके लिहिलंय. आता हे लिहिलं तर ईशा दुसऱ्यांदा पकडली जाईल."

साहेबांनी रिपोर्ट वाचला. "एवढी अक्कल तेव्हा कुठे होती, सलीमभाई?"

मी खरं ते हिंदीत लिहून दिलं. शाळेने माझं एकही रीडिंग धरलं नाही. सहा आठवडे पुन्हा. या वेळी ईशा रोज स्वतः आली, रविवारीही. मी मीटरला हात लावायचा नाही, असं ठरलं. तिच्या वर्गाचं ग्रॅज्युएशन झालं त्या दुपारी ती जाकीट घालून पिवळी पानं मोजत होती. तिला सर्टिफिकेट ऑगस्टमध्ये मिळालं. तोवर कॉलेजची सीट गेली होती.

साहेबांनी माझा व्हिसा रिन्यू केला. कामापुरतं बोलतात. त्यांचे उपकार आधीच फिटणारे नव्हते, आता तर नाहीच.

हल्ली मी नसेन त्या दिवसाचा चौकोन रिकामा सोडतो. सुपरवायझर महिन्यातून दोनदा तरी झापतो. ती बोलणी माझी मलाच बसतात, दुसऱ्या कुणाला नाही, एवढं बरं आहे.