आज कितवा शेवटचा दिवस?

आमच्या थोरल्या साडूंइतका संशयी माणूस उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत दुसरा झाला नसेल. आणि त्यांच्यावरच संशय घेऊन तोंडघशी पडलेला माणूसही माझ्याशिवाय दुसरा नसेल. ही चूक मी भाऊबिजेच्या दिवशी भरल्या पंगतीत, तोंडात करंजी असताना केली. पण ती कळायची तर आधी साडू कळायला हवेत.

माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे हे यजमान अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासनीस होते. बाहेरून आलेला माल आधी त्यांच्या टेबलावर यायचा. त्यावर पिवळं ‘होल्ड’चं कार्ड लागायचं आणि साडूंचं समाधान होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. बावीस वर्षं हे काम केल्यावर माणसाला सगळं जगच दारात येऊन पडलेला, न तपासलेला माल वाटू लागतं. इतरांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात पत्र्याची जाडी मापायचं व्हर्निअर. सेलमधल्या एका नॉनस्टिक तव्याचं बूड मापून ते दुकानदाराला अगदी आपुलकीने म्हणाले होते, “तवा चांगला आहे. वर्षभर घासला की चाळणी म्हणून पण वापरता येईल.”

दिवाळीचा सेल हा त्यांचा खरा हंगाम. सेल लागायच्या पंधरा दिवस आधी ते उल्हासनगरच्या दुकानांतून हिंडून किमती वाचून यायचे आणि सेल लागला की पुन्हा जायचे. किमतीच्या चिकटपट्टीखाली दुसरी पट्टी आहे का, हे बघायला त्यांनी उजव्या अंगठ्याचं नख खास वाढवलं होतं. ‘स्टॉक संपेपर्यंत’ अशी पाटी दिसली, की दिवाळीनंतर आठ दिवसांनी त्या दुकानात डोकवायचे. “काय शेठ, संपला का स्टॉक?” तिथला एक सिंधी दुकानदार तर त्यांना बघताच स्टूल पुढे करायचा. “आओ साहेब. लेना तो है नहीं, चाय तो ले लो.”

घरीही कारखान्याचाच कायदा. कोणाला काही हवंसं वाटलं, की ते पिवळ्या कार्डावर लिहून स्वयंपाकघरातल्या खिळ्याला लटकवायचं. सेल संपल्यावरही हवंसं वाटलं तर घ्यायचं, तेही पूर्ण किमतीला. “सेलमध्ये हवी वाटते ती दुकानदाराची गरज,” ते म्हणायचे, “सेल संपल्यावर हवी वाटते ती आपली.” सेलबरोबर हौसही संपून त्या खिळ्यावरून वॉशिंग मशीन उतरलं, पायांना मसाज करायचं यंत्र उतरलं, एकदा तर पितळी हरीणही उतरलं. त्या वर्षी त्यांच्या सोनलने, ती तेव्हा अकरावीत होती, कॅमेऱ्याचा मोबाईल लिहिला होता. तुळशीचं लग्न लागेपर्यंत होल्ड. मैत्रिणी सेलमधून मोबाईल आणत होत्या आणि ही पोरगी त्यांनाच ऐकवायची, “आमच्या पप्पांना कोणी फसवू शकत नाही.”

त्याच सुमारास आमच्या उल्हासनगरच्या ऑफिसात इंटरनेट आलं. मी मोठ्या हौसेने साडूंना बोलावून खरेदीची साइट दाखवली.

“दुकान कुठं आहे हे?”

“इंटरनेटवर.”

“ते कळलं. शटर कुठं आहे? बिघडलं तर मी कोणाच्या दारात उभं राहायचं?”

“कुरिअरने परत पाठवायचं.”

“ज्या माणसाला मी चहा पिताना बघितलं नाही, त्याला बँकेच्या कार्डाचा नंबर देऊ?” मग त्यांची नजर वरच्या लाल अक्षरांवर गेली. ‘आज शेवटचा दिवस’. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात फोन आला, “साडूभाऊ, बघा जरा, अजून आहे का तो शेवटचा दिवस?” होता. मग रोज सकाळी फोन. “आज कितवा शेवटचा दिवस?” अख्खं ऑफिस हसायचं. मीही हसायचो आणि पाचव्या शेवटच्या दिवशी मी त्याच साइटवरून पोट कमी करायचा थरथरता पट्टा मागवला. तो ऑफिसच्या पत्त्यावर आला. पहिल्याच दिवशी शर्टाखाली असा गुरगुरला, की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी खिडकी उघडून बाहेर कुत्रा शोधला. मी तो फायलींमागे दडवला. घरी बोललो नाही. उलट घरी मी साडूंचीच वाक्यं माझी म्हणून ऐकवत होतो.

आणि धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ऑफिसातून निघताना मला साडू दिसले. त्याच सिंधी दुकानदाराच्या दारात ते रिक्षातून उतरत होते, हातांत छातीएवढा खोका. मला किती बरं वाटलं ते लिहायला आज लाज वाटते. एकट्याने पाप केलेल्या माणसाला जोडीदार सापडला, की होतं तसं बरं.

भाऊबिजेला आम्ही दोघे साडू बायकामुलांसह मेहुण्याकडे जेवायला. मेहुण्याने नेहमीप्रमाणे साडूंची खोडी काढली, “काय दाजी, यंदा पण नुसता चहाच पिऊन आलात?”

“छे,” मी म्हणालो. “यंदा खोका आणलाय. धनत्रयोदशीला मी डोळ्यांनी बघितला. पोरीला होल्ड आणि स्वतःला पास.”

सगळे हसले. साडूंनी माझ्याकडे बघितलं, मग बासुंदी वाढणाऱ्या माझ्या बायकोकडे. मला वाटलं, बासुंदी हवी असेल.

“पप्पा, काय होतं खोक्यात?” सोनलने विचारलं.

“आपलं नव्हतं ते.”

“मग कोणाचं?”

साडू खाली बघून जेवत राहिले. “असं सगळेच म्हणतात,” मी म्हणालो. सोनल ताटावरून उठली.

घरी जाऊन तिने खिळ्यावरचं आपलं कार्ड फाडलं आणि बापाशी बोलणं सोडलं. “आई, पप्पांना सांग, चहा झालाय.” तुळशीचं लग्न लागलं, साडू मोबाईल घ्यायला चल म्हणाले. ती म्हणाली, “राहू दे. तुमच्या खोक्यातलंच काहीतरी द्या.” बावीस वर्षं कोणाच्या मालावर डोळे मिटून विश्वास न ठेवलेल्या त्या माणसावर एकच व्यक्ती डोळे मिटून विश्वास ठेवत होती, आणि तो विश्वास मी एका वाक्यात तोडला.

मेहुणीने फोनवर हे सांगितलं तेव्हा माझी बायको रिसीव्हर ठेवून तिथेच बसली.

“तो खोका माझा होता,” ती म्हणाली.

“तुझा?”

“ओव्हन. सेलमध्ये घेतला, तुम्हाला न सांगता. घरी आणला आणि तुमची ती भाषणं आठवली. कॉटखाली ठेवला, पण झोप लागेना. दाजींना म्हटलं, कसंही करून परत द्या, आणि ह्यांना कळू देऊ नका.”

सेलचा माल परत घेत नाहीत. तरी त्या दुकानदाराने घेतला. म्हणाला होता, “इतने साल में आप कुछ ले के नहीं गये, आज पहली बार दे के जा रहे हो. कैसे ना बोलूँ?” आणि पंगतीत माझ्याच बायकोला दिलेल्या शब्दासाठी साडूंनी माझीच थट्टा गिळली होती.

मी बायकोला पट्ट्याचं सांगितलं. ती बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “रविवारी बदलापूरला ताईकडे जाऊन या. मी येऊ का?” मी एकटाच गेलो.

दार सोनलने उघडलं. साडू खिडकीशी पेपर वाचत होते. मला बघून मी का आलो ते त्यांनी ओळखलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, “साडूभाऊ, राहू द्या. झालं ते झालं.”

“नाही. सोनल, बस जरा. त्या दिवशी थोडा गैरसमज झाला...”

“कोणाचा, काका?” तिने विचारलं. बापाचाच आवाज, आणि नजरही तीच, पट्टीखालची पट्टी शोधणारी. साडूंनी पेपरची घडी केली.

“गैरसमज नाही,” मी म्हणालो. “तो खोका आमच्या घरचा होता. तुझ्या पप्पांनी तुझ्या मावशीची अब्रू राखायला तो परत नेऊन दिला आणि तिला दिलेल्या शब्दासाठी तुझा राग सोसला. चोरून खरेदी मीही केली होती, त्या साइटवरून. तेही माझ्यासारखेच निघावेत असं मला वाटत होतं, म्हणून न विचारता सगळ्यांसमोर बोललो. पोरी, मला माफ कर.” मग मी साडूंकडे वळलो. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी वाकून नमस्कार केला नव्हता. त्या दिवशी केला. “तुम्हीही माफ करा, साडूभाऊ.”