घट बसण्याआधीचा थेंब

त्या वर्षी सहा महिने मी देवीच्या ओट्याची माती खात होते. हे लिहिताना अजूनही हात अडखळतो. तेव्हा मी त्याला भक्ती समजत होते आणि आतून घाबरतही होते, कारण भक्तीला अशी हाव नसते एवढं मलाही कळत होतं.

धाडच्या बाजाराला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. गावाच्या शिवेवर कडुनिंबाखाली आईचा ओटा आहे आणि दर मंगळवारी-शुक्रवारी तो सारवण्याचं काम लग्न होऊन आल्यापासून माझ्याकडे. आदल्या श्रावणात सारवता सारवताच मला पाळी आली. उठून जायला हवं होतं. पण अर्धा ओटा ओला, अर्धा कोरडा कसा सोडू, म्हणून मी काम पुरं केलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. त्याच हिवाळ्यात आमच्या कपाशीत बोंडअळी शिरली. बीटीचं बियाणं लावलं की अळीची काळजी नाही असं ऐकत आलो होतो. पण बोंड उघडावं तर आत कापसाऐवजी पिवळट, किडकी कवडी निघायची. गावात सगळ्यांच्याच शेतात तसं झालं होतं, तरी मला वाटलं, हे माझ्यामुळे झालं.

पुढे माझंच शरीर माझं राहिलं नाही. महिन्याचे चार दिवस आठ-दहा दिवसांवर गेले. विहिरीवरून घर गाठेपर्यंत धाप लागे. कानात सतत ठोका वाजत राही. यजमान म्हणायचे, "थकली असशीन, पड जराशी." सासूबाई लिंबू-मिरची ओवाळून टाकायच्या. आणि मला ओल्या मातीच्या वासानं तोंडाला पाणी सुटायचं. सारवणाचा वाळलेला पोपडा मी डोळे मिटून जिभेवर ठेवायचे. अंगारा म्हणून घेतेय, असं स्वतःला सांगायचे. मग अंगारा मुठीनं खाल्ला जाऊ लागला. पहिल्यासारखं मंगळवार-शुक्रवार न पाहता मी रोज दुपारी ओट्यावर जाऊ लागले. बायका म्हणायच्या, हिला देवीचं वेड लागलं.

नवरात्र जवळ आलं तेव्हा मी ठरवलं, नऊ दिवस फक्त पाण्यावर राहायचं. आईचा राग त्याशिवाय जाणार नाही. हे मी फक्त सासूबाईंना सांगितलं. त्या मान हलवून म्हणाल्या, "तुले पेलन तर कर."

घट बसायच्या आदल्या दुपारी मी ओट्यावर गेले, तर तिथे एक बांगड्यावाली बाई बसली होती. साठीच्या आसपासची, डोक्यावर ओढणी, बाजूला टोपली. पायात रुतलेला काटा काढत होती. मी तिला याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिनं पाणी मागितलं. तांब्या देताना माझ्या ओठाला लागलेली माती तिनं पाहिली.

"काय खाते बेटी?"

"आईचा अंगारा हाय, चाची."

ती पाणी पिऊन म्हणाली, "सणाच्या बांगड्या भर ना माह्याकडून. दाखव हात." तिनं माझा हात मांडीवर घेतला आणि बांगडी चढवायचं सोडून नखं पाहत राहिली. एक नख दाबलं, सोडलं. माझी नखं मधून खोलगट, पळीसारखी झाली होती आणि पांढरी पडली होती. मी इतके दिवस रोज तो हात वापरत होते, पण कधी पाहिला नव्हता.

"तुह्या हातात रगतच नाही बेटी," ती हलक्या आवाजात म्हणाली. "माती काऊन खाते, माहीत हाय का तुले? अंगातलं लोखंड संपलं का माणूस माती खाते. दर महिन्याले लय जाते का तुह्यं?"

सख्ख्या बहिणीला न सांगितलेली गोष्ट त्या परक्या बाईनं सहज विचारली. मला रडू फुटलं. श्रावणातलं, अळीचं, उपासाचं, सगळं मी तिला सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं, देवीबद्दल चकार शब्द काढला नाही. एवढंच म्हणाली, "माही सून सिस्टर हाय. उद्या सकाळी तिले तुह्या घरी धाडते. बोटातून थेंबभर रक्त घेते अन् तिथंच सांगते. तिनं सांगेपर्यंत उपास धरू नको. मले जबान दे."

मी दिली. का दिली, ते आजही सांगता येत नाही.

सकाळी परातीत माती घेऊन मी घटासाठी धान्य पेरायला बसणार, तोच ती सून दारात आली. पांढरा कोट, खांद्याला पिशवी. पिशवीतून तिनं मोबाइलएवढं यंत्र काढलं तशा सासूबाई मधे आल्या. "घट बसायच्या आधी घरात रक्त काढतं का कोणी?"

"आजी, एकच थेंब हाय," ती म्हणाली आणि ओसरीवर माझ्यासमोर बसली.

सुई टोचली ते कळलंही नाही. बोट दाबूनही रक्त यायला वेळ लागला. आलं ते फिकट, पाणी घातल्यासारखं. थेंब तिनं पट्टीवर घेतला, यंत्रात आकडा उमटला. तिनं दुसरं बोट टोचून पुन्हा पाहिलं. मग यंत्र सासूबाईंकडे वळवून म्हणाली, "आजी, बाईमाणसाचं हिमोग्लोबिन बाराच्या वर पाहिजे. हे चार पॉइंट आठ हाय." आणि मला विचारलं, "ताई, तुम्ही चालून कशा राह्यल्या?"

मी परातीकडे पाहत होते. सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी माझं बोट आपल्या पदरात धरलं आणि देवघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाल्या, "आई, हिचा उपास माह्याकडे राहीन. एक टाइम जेवून धरीन. हिच्यावर बोल ठेवू नको." मग माझ्याकडे वळल्या. "घट मी बसवते. तू नीघ."

यजमानांनी जीप बोलावली. बुलढाण्याच्या दवाखान्यात मला रक्त चढवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय आधीच फार ओढत होतं, नऊ दिवस पाण्यावर ते टिकलं नसतं. गर्भाशयात गाठ होती. तिच्यामुळे रक्त जात होतं. म्हणजे शिक्षा नव्हती. एक गाठ होती.

पलंगावर पडून मी नळीतून उतरणारं रक्त पाहत राहिले. ते कुणाचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. देणाऱ्याला मी माहीत नव्हते. त्यानं माझी जात, माझा नवस, माझी चूक काहीच विचारलं नव्हतं. दुसरी पिशवी संपत आली तेव्हा कानातला ठोका थांबला. किती महिन्यांनी मी शांतता ऐकली! मी हात जोडले, पण मागायला काही सुचेना.

गाठीचे उपचार झाले, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. महिन्या-दीड महिन्यानं मी ओटा सारवायला गेले. ओल्या मातीचा वास आला आणि मला काहीच झालं नाही. त्या दिवशी मी खूप घाबरले. वाटलं, मी जिला भक्ती म्हणत होते ती फक्त लोहाची कमतरता होती. आता माझ्याजवळ काय उरलं? तरी हात सारवत राहिले. मग लक्षात आलं, त्या हावेनंच तर मला रोज इथे ओढून आणलं होतं. रोज आले नसते तर ती बाई मला भेटली नसती. आजारालाही आईनं आपल्या कामाला लावलं होतं. मी तिला काही देऊन राजी करायला निघाले होते आणि ती कधीची माझ्या बाजूनं उभी होती.

अंगात ताकद आल्यावर मी धाडच्या बाजारात चाचीला शोधलं. बांगड्यांच्या ओळीत शेवटी बसली होती. मी वाकले तर तिनं मधेच धरलं आणि आधी नखं पाहिली. हसली. मी विचारलं, "चाची, त्या दिवशी तुम्ही आमच्या ओट्यावर कशा आल्या?"

"जीप चुकली, म्हून पैदल निघाली होती. काटा रुतला, बसली. अजून काय?"

"आणि नखं पाहून कसं समजलं तुम्हाला?"

तिचे हात थांबले. "माही पोरगी अशीच माती खात होती. चुलीची. पोट राह्यलं होतं, आम्ही म्हनलं डोहाळे हायेत. बाळंतपणात गेली. तिले नाहाऊ घालताना मी तिचे हात पाहिले. तवापासून कोणाच्या हातात बांगडी भरण्याआधी मी नखं पाहते."

मी तिच्याजवळ बराच वेळ बसले. गिऱ्हाइकं येत होती, ती एकेकीचा हात मांडीवर घेत होती. माझ्यापर्यंत आलेली कृपा कुठून निघाली होती ते मला त्या बाजारात कळलं आणि मान वर होईना. उठताना मी तिला मुलीचं नाव विचारलं.

"शमीम," ती म्हणाली.

आता घट बसवताना मी आईसमोर दिवा लावते आणि स्वतःसाठी काही मागण्याआधी ते नाव घेते. सासूबाई शेजारी बसलेल्या असतात. पहिल्या वर्षी त्यांनी विचारलं, "कोण वं ही?" मी सांगितलं. तेव्हापासून त्याही घेतात.