अंदाजाची साखर

मी रियाधमधल्या एका बँकेत रिस्क डिपार्टमेंटला आहे. लोक कुठे माती खातील, हे आधीच ओळखण्याचा मला पगार मिळतो. मी घरात बिअर करायला घेतली तेव्हा ही अक्कल कुठे चरायला गेली होती, कोण जाणे.

सौदीत दारूला बंदी; पकडलो गेलो तर नोकरी, इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना, मुलीची शाळा, सगळं एका झटक्यात खलास, हे मला पक्कं माहीत होतं. बायको म्हणालीही, "एवढी तलफ आली असेल तर जूनपर्यंत थांब. पुण्याला जाऊन काय ती पी." पण तलफ नव्हतीच. ऑफिसातला एक जण आपण घरी करतो म्हणून मिशीला पीळ द्यायचा, आणि ते मला खुपत होतं. इतकंच कारण होतं.

सुपरमार्केटातलं बिनदारूचं माल्टचं पेय, साखर आणि यीस्ट झाकणाच्या बादलीत आठवडाभर बुडबुडत राहिलं. मग बाटल्या भरायचा दिवस आला. भरण्याआधी त्यात थोडी साखर घालावी लागते. उरलेलं यीस्ट ती खातं आणि बंद बाटलीत गॅस धरतो, नाहीतर फेस येत नाही. किती ग्रॅम, ते मी लिहून घेतलं होतं. तेवढी साखर वजन करून, पाण्यात उकळून घातलीसुद्धा. मग, आमटीची घेतो तशी, डावाने चव घेतली. पाणचट लागली. आमच्या घरी आमटी पाणचट लागली तर कुणी वजनकाटा काढत नाही. मी अंदाजाने आणखी दोन मुठी साखर टाकली, ढवळलं, पुन्हा चव घेतली आणि "हां, आता कसं!" असं मोठ्याने म्हणालो. आणि हाच माणूस ऑफिसात एका दशांशचिन्हासाठी लोकांचे रिपोर्ट परत पाठवतो.

द्राक्षरसाच्या, तारेच्या खटक्याने बंद होणाऱ्या बाटल्या आम्ही धुऊन जमवल्या होत्या. मी भरत गेलो, बायको खटके दाबत गेली. कुरकुरत सुरुवात केली तिने, पण शेवटी दोघं हसत होतो. बाटल्या स्टोअररूममध्ये सुटकेसच्या मागे ठेवल्या. तिथे एसी पोचत नाही, आणि मे महिना होता.

पुढच्या शुक्रवारी दुपारी आमची दहा वर्षांची मुलगी सुट्टीसाठी आपली गुलाबी सुटकेस काढायला तिथे गेली. दोन स्फोट झाले, लागोपाठ. मी धावलो तेव्हा ती फेसात उभी होती आणि उजव्या तळहातातून रक्त गळत होतं. ती रडतही नव्हती. घरभर आंबूस वास पसरला होता.

"गाडीची किल्ली घे," बायको ओरडली.

मी वाकून मुलीच्या केसांचा वास घेतला. "थांब," मी म्हणालो. "असं नेता येणार नाही."

तिच्या हाताला टॉवेल गुंडाळून मी तिला बाथरूममध्ये नेलं आणि केस धुतले. वास गेला नाही म्हणून पुन्हा शाम्पू लावला. टॉवेल लाल होत गेला. बायको दारात उभी राहून एकच वाक्य म्हणत होती, "अरे, रक्त वाहतंय तिचं." मी मुलीचे कपडे बदलले आणि तिच्याकडून पाठ करून घेतलं: ज्यूसची बाटली होती, हातातून निसटली. बायको आमच्याबरोबर आली नाही. काचा आणि वास आवरायला कुणीतरी मागे राहायला हवं होतं.

हॉस्पिटलमध्ये मुलीने पाठ केलेलं सगळं न अडखळता सांगितलं. टाके घालताना डॉक्टरांनी सहज विचारलं, केस इतके ओले कसे? ते तर मी शिकवलंच नव्हतं.

"आय वॉज टेकिंग अ बाथ," ती म्हणाली. "देन आय वॉन्टेड ज्यूस." आणि डॉक्टरांकडे बघून गोड हसली.

करंगळी वाकवणारा स्नायूबंध तुटला होता. करंगळी पूर्ण वाकेल की नाही सांगता येत नाही, असं ते म्हणाले. आजही ती वाकत नाही. आम्हाला उशीर झाला म्हणून नाही, काच खोल गेली होती म्हणून. हे मी डॉक्टरांना दोनदा विचारून घेतलं होतं. त्याने मला काही बरं वाटलं नाही.

परतताना गाडीत तिने विचारलं, "पापा, मैंने ठीक बोला ना?"

"शाबास," मी म्हणालो.

घरात फिनेल आणि उदाचा वास होता. एकही बाटली शिल्लक नव्हती. बायकोने मुलीचा बँडेजमधला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि आता कुठे तिला रडू फुटलं. मुलीने डाव्या हाताने तिचे डोळे पुसले.

"डोंट क्राय, मम्मा," ती म्हणाली. "किसी को कुछ पता नहीं चला. पापा ने शाबास बोला."

बायकोने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली खुंटीला अडकवायला वळलो.