शहाडची बाई, घोडबंदरचं मत

मतदानाच्या दिवशी सकाळी मी स्कूटर बाहेर काढली, तेव्हा डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या आवारातल्या निम्म्या गाड्या गायब होत्या. बुधवारची सुट्टी होती. गुरुवार-शुक्रवार रजा टाकली की थेट रविवारपर्यंत मोकळीक. लोकशाहीचा उत्सव साजरा करायला आमचे शेजारी आदल्या संध्याकाळीच अलिबागला आणि महाबळेश्वरला रवाना झाले होते. निघण्यापूर्वी प्रत्येकाने सोसायटीच्या ग्रुपवर 'मतदान हा पवित्र हक्क' असं तिरंगी चित्र मात्र न चुकता टाकलं होतं.

माझं केंद्र कोपऱ्यावरच्या शाळेत. रांग नव्हतीच. आत गेले, बटण दाबलं, बाहेर आले. फाटकापासून बऱ्याच अंतरावर एका पक्षाचं टेबल होतं आणि त्यावर आमच्याच इमारतीतले नाना बसले होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून नाना दर निवडणुकीला हे टेबल सांभाळतात.

"ये गं. दिलंस ना मत? आपला वॉर्ड आहे, काळजी नाही."

"नाना, आपला वॉर्ड अलिबागला गेलाय."

"तेच तर दुखणं आहे," नानांनी चष्मा काढून पुसला. "आपली माणसं फिरायला जातात आणि बाहेरची येऊन मतं टाकून जातात."

नानांचा एक मुलगा कॅनडात आहे आणि दुसरा बंगळुरात. दोघांचीही नावं आमच्या यादीत अजून आहेत. ते 'आपले'. बाहेरची कोण, हे नानांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही, कारण मला तशाच एका बाईला मतदानाला न्यायचं होतं.

शेवंतामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. माझे बाबा ठाकुर्लीला कामगार संघटनेची पत्रकं छापायचे, त्यांच्या घड्या घालत मी वाचायला शिकले. घोडबंदर रस्त्यावर ती पत्रकं वाटायची मावशी. डोंगराच्या पायथ्याशी एका पाड्यालगत तिची चाळ होती. चाळीसमोर चकचकीत टॉवर उभे राहिले. मावशी त्यातल्या एका घरी धुणीभांडी करायची. मग चाळही त्या टॉवरवाल्यांना हवीशी झाली. 'इथेच घर देऊ' असं तोंडी सांगून ती पाडली गेली आणि मावशी मुलासोबत शहाडला भाड्याच्या खोलीत आली. मतदार यादीत नाव मात्र अजून घोडबंदरलाच. मुलगा ते शहाडला आणायच्या मागे लागलाय. मावशी ऐकत नाही.

"घर पाडलं त्यांनी. नाव नाही पाडता आलं," ती मला फोनवर म्हणाली होती. "तिथलं नाव गेलं की मी तिथे राहतच नव्हते असं म्हणायला मोकळे. तू मला फक्त तिथपर्यंत ने."

मत देऊन घर मिळत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. सहाच्या आत तिथे पोचायचं, एवढंच आमचं काम. मावशीची शहाडची धुणीभांडी दोनला संपायची, म्हणून मी दुपारीच निघाले.

नव्वद फुटी रस्त्याने ठाकुर्ली, तिथून पत्रीपूल ओलांडून कल्याण. एरवी पत्रीपुलावर माणूस म्हातारा होतो. आज मी गाणं गुणगुणत पार झाले. प्रत्येक चौकात उमेदवार हात जोडून उभे असलेले फलक झाकले होते, आणि झाकलेल्या कापडाखालून कुणाचे बूट, कुणाची सोन्याची अंगठी डोकावत होती. कल्याणच्या एका हॉटेलाबाहेर पाटी होती: 'बोटावरची शाई दाखवा, मिसळीवर सवलत मिळवा.' इथे मात्र रांग होती. मागच्या टेबलावरचा एक तरुण मित्राला सांगत होता, "अरे मार्करने रंगवून आलेलो, कोण बघतंय?" मी शाई न दाखवता पूर्ण पैसे दिले. मिसळ तिखट नव्हती. सगळा तिखटपणा माझ्यातच होता बहुधा.

शहाडला मावशी पुलाखाली तयार उभी. निळी नऊवारी, डोक्याला तेल, हातात पिशवी. पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची (वाळवलेल्या कोळंबीची) चटणी.

"एवढी कुणासाठी गं?"

"पाड्यावरची माणसं भेटतील. रिकाम्या हाताने जाऊ?"

दुर्गाडीचा पूल ओलांडताना खाडीवर ऊन चकाकत होतं. कोनगाव मागे पडलं. पुढचा रस्ता मेट्रोच्या खांबांनी उकरलेला. वर हवेत पूल आणि खाली माणसांसाठी खड्डे. रांजणोली नाक्याच्या अलीकडे त्यातल्या एका खड्ड्याने आमचं मागचं चाक पंक्चर केलं.

पंक्चरचं दुकान शंभरेक पावलांवर होतं, पण बंद. बाहेर टांगलेल्या टायरवर खडूने लिहिलं होतं: 'वोट देके आता है'. आम्ही दुकानाच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. मला घड्याळाकडे बघवत नव्हतं. मावशी निवांत.

"थांब गं. चांगल्या कामाला गेलाय माणूस."

बऱ्याच वेळाने तो आला. पन्नाशीचा, पायजम्यावर पांढराशुभ्र शर्ट. कामाचे कपडे दुकानात बदलायला गेला, तेवढ्यात मी बोट पाहून घेतलं. शाई खरी होती.

"गाव का नाम कटवाया, इधर डलवाया," चाक उतरवताना तो सांगत होता. "पोरगी मराठी शाळेत है मेरी. वो बोली, अब्बा, इथे राहतो तर इथेच मत द्यायचं. आपने दिया?"

"दिया," मी म्हणाले.

"और अम्मा ने?"

"अम्माचं तुमच्या हातात आहे," मावशी म्हणाली. "लावा लवकर."

डोंबिवलीत भाषणं ऐकतच मी लहानाची मोठी झाले, पण मतदानासाठी धुतलेला शर्ट घातलेला माणूस मला त्या दिवशी रांजणोलीला भेटला. नानांच्या हिशेबात हा कट्टर बाहेरचा. नानांचा कॅनडातला मुलगा घरचा.

खारेगावची खाडी, माजिवडा, मग घोडबंदर रस्ता. डावीकडे येऊरचे डोंगर अजून जागेवर आहेत, हे टॉवरच्या फटींमधून पटवून घ्यावं लागतं. इमारतींची नावं सगळी परदेशी. इथल्या झाडाचं, ओढ्याचं, गावाचं नाव घ्यायला बिल्डरांची जीभ कचरते. मावशी मागून बोट दाखवत होती: "इथे आमची विहीर. इथे शिमग्याची होळी. इथे माझी चाळ." जिथे चाळ होती तिथे गाड्या धुवायची जागा होती. मी स्कूटरचा वेग कमी केला. ती म्हणाली, "चल, थांबू नकोस."

पूर्वी केंद्र पाड्याच्या शाळेत असायचं. या खेपेला ते चाळीसमोरच्या त्याच टॉवरांच्या संकुलात, क्लबहाऊसमध्ये. रहिवाशांनीच मागून घेतलेलं. ज्येष्ठांना त्रास नको, दारातच मतदान व्हावं, टक्का वाढावा म्हणून. पाड्याची मतंही तिथेच जोडली होती. दुपारपर्यंत मागचं फाटक पाड्यातल्या लोकांसाठी उघडं होतं. मग कुणीतरी तक्रार केली की अनोळखी माणसं पोहण्याच्या तलावापर्यंत फिरताहेत. सेक्रेटरींनी महाबळेश्वरहून मेसेज धाडला आणि मागचं फाटक बंद झालं.

पुढच्या फाटकावर पाड्याची वीस-पंचवीस माणसं उन्हात उभी होती. सहा वाजायला फार वेळ उरला नव्हता. बाजूला पायी जाणाऱ्यांसाठी छोटं काचेचं दार, त्याशेजारी भिंतीत चेहरा ओळखणारं यंत्र. वॉचमन मध्यमवयीन, बोलण्यावरून मराठवाड्याचा.

"कोणत्या फ्लॅटला जायचंय, ते सांगा," तो एका म्हाताऱ्या आगरी बाबांना विचारत होता. "फ्लॅटवाल्यांनी मोबाइलवर हो म्हटल्याबिगर हे दार उघडत नाही."

"माझे शेतान जायचा हाय," म्हातारा म्हणाला. "तो तुझा क्लबहाऊस हाय ना, तिथं माझा भात व्हायचा. कंचा फ्लॅट सांगू?"

सगळे हसले. वॉचमनही हसला आणि लगेच गंभीर झाला. "बाबा, माझी नोकरी जाईल."

मी पुढे झाले. हे बेकायदेशीर आहे, मतदाराला अडवता येत नाही, आतल्या अधिकाऱ्याला बोलवा, वगैरे जे काही पत्रकांत वाचलं होतं ते सगळं बोलले. वॉचमनने हातातली वही मिटली.

"ताई, मला काय ते कळत नाही का? माझं मत गावाकडं आहे. सुट्टी मागितली तर म्हणले, मतदानाच्या दिवशी बंदोबस्त कोण करील?"

आतल्या पोलिसाला हाक मारली. तो लांबूनच म्हणाला, "गेटचा विषय सोसायटीचा. मी केंद्राच्या दारावर आहे." केंद्राच्या दारावर त्याच्याशिवाय कुणीही नव्हतं. निम्मे रहिवासी सुट्टीवर आणि पाडा बाहेर. टक्का वाढवण्याची ही पद्धत मला नवी होती.

मी निवडणूक कार्यालयाचा नंबर शोधत होते. मावशी पदराने घाम पुसत सावलीला सरकली, म्हणजे नेमकी त्या यंत्रासमोर. यंत्रात हिरवा दिवा लागला. गोड आवाजात त्याने तिचं स्वागत केलं आणि दार उघडलं.

काम सोडलं तरी ती जिथे धुणीभांडी करायची त्या घरच्या बाईंनी तिचा चेहरा यंत्रातून काढला नव्हता. त्या यंत्राला मतदार ओळखता येत नव्हता, मोलकरीण बरोबर ओळखू आली.

"जा मावशी, पटकन जा," मी ओरडले.

एवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून मोठ्याने बोलणाऱ्या बाई. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं. "शेवंता! अगं, तू आलीस म्हणून मोबाइलवर दिसलं! बाई गं, देवासारखी आलीस. चावी शेजारी आहे. कुंड्यांना पाणी घाल आणि फ्रीजमधलं दूध टाकून दे. आम्ही लोणावळ्याला आहोत."

"मी कामाला नाही आले, बाई. मत द्यायला आलेय."

"हो हो, दे ना मत, चांगलंच आहे. पण आधी वर जाऊन ये."

"तुम्ही दिलंत?"

"आम्ही कुठून देणार? सुट्टी होती ना!"

मावशीने फोन पिशवीत टाकला. दार मिटायला लागलं तशी ती उंबऱ्यावर चौकटीला पाठ टेकून उभी राहिली. दार तिच्या खांद्याला लागून मागे गेलं. पुन्हा मिटू लागलं, पुन्हा मागे. यंत्र पिंऽऽ पिंऽऽ करून केकाटू लागलं.

"मावशी, आत हो नाहीतर बाहेर हो," वॉचमन कळवळून म्हणाला. "माणूस मध्ये असलं की ते बंद होत नाही."

"माहीत आहे. रोजच खांद्याला लागायचं." मग ती पाड्याकडे बघून ओरडली, "काय फोटो काढायला उभे आहात? चला! बाबा, आधी तुम्ही. तुमचं शेत आहे."

म्हातारा तिच्या हाताखालून वाकून आत गेला. त्याच्यामागे बायका, एक लंगडणारा तरुण, कडेवर पोर घेतलेली एकजण. वॉचमनने आमच्याकडे पाठ केली आणि एका रिकाम्या गाडीचा नंबर लिहून घ्यायला लागला. यंत्र ओरडत होतं, मावशी हलत नव्हती. शेवटचा माणूस आत गेल्यावर ती आत गेली.

क्लबहाऊसच्या दारापर्यंत रांग लागली तेव्हा सहा वाजत आले होते. आतल्या अधिकारी बाई बाहेर येऊन रांग बघून चकित झाल्या. "एवढे सगळे होतात कुठे इतका वेळ?" त्यांनी सगळ्यांना चिठ्ठ्या दिल्या, कारण रांगेत असलेल्याला मत देता येतं. मावशी सर्वांत शेवटी. बाहेर आली तेव्हा तिने बोट नाही दाखवलं. उरलेल्या भाकऱ्या वाटल्या. दोन वॉचमनला दिल्या.

परतताना अंधार पडला होता. सोसायटीचा ग्रुप तापला होता. आमच्या भागात मतदान कमी झाल्याची बातमी आली होती आणि नानांनी लिहिलं होतं की सुशिक्षित माणूस राजकारणाला विटला आहे. सुशिक्षित माणूस राजकारणाला विटलेला नाही. त्याच्या कुंड्यांना पाणी घालायला, त्याची गाडी धुवायला, त्याच्या फाटकावर उभं राहायला माणसं मिळत आहेत तोवर त्याला मताची गरजच पडलेली नाही. ज्याला गरज आहे तो धुतलेला शर्ट घालतो, भाकऱ्या बांधून निघतो, काचेच्या दारात खांदा घालतो. हे शहर उद्या कुणाचं असेल, यावर नानांनी खुशाल चिंता करावी. मला आज दिसलं ते सांगितलं.

खारेगावच्या पुलावर मावशीचा फोन पुन्हा वाजला. मी स्कूटर कडेला घेतली.

"अगं शेवंता, तू बाहेर पडलीस असं दाखवतंय इथे! इतक्यात? झालं काम?"

मावशीने खाडीकडे पाहिलं.

"हो बाई," ती म्हणाली. "झालं."