७३९३९१३३ ची वाट

समोर कुठलाही आकडा आला की काका त्याचा शेवटचा अंक अंगठ्याने झाकायचे, उरलेल्याकडे डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "तोडून बघा, टिकतो का!"

चाकणच्या आमच्या कंपनीत आम्ही दोघं तपासणी विभागात; सगळी कंपनी त्यांना काकाच म्हणायची. गिअरबॉक्सचं कव्हर पास की नापास, हे काका ठरवायचे. पण त्यांचा जीव मूळ संख्यांत, म्हणजे एक आणि स्वतः सोडून ज्यांना कशानेच भाग जात नाही अशा आकड्यांत. मी पिंपळे सौदागरला फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला आले. दारावरचा ७०३ वाचून त्यांचा चेहराच पडला. "एकोणीस गुणिले सदतीस," ते हळूच म्हणाले, "असू दे राव, घर चांगलंय." त्यांना घरात नेमका काय दोष दिसला, हे माझी बायको कितीतरी दिवस विचारत होती.

त्यांचा सगळ्यात लाडका आकडा ७३९३९१३३. एकदा चहाच्या सुट्टीत त्यांनी तो कँटीनच्या टेबलावर खडूने लिहिला. "ही मूळ संख्या. शेवटचा तीन पुसला, उरली तीही मूळ. अजून एक पुसला, तीही मूळ!" असं पुसत पुसत ते एकट्या सातापर्यंत आले. "असा गुण असलेला याच्याहून मोठा आकडाच नाही, भावा. इथं दुकान बंद!" आम्ही टाळ्या वाजवल्या. कँटीनवाला म्हणाला, "टेबल पुसलंत ते बरं केलंत."

आता गंमत बघा. आमच्या प्रत्येक कव्हरवर तपासणीआधीच आठ आकडी नंबर कोरला जायचा, आणि तो रोज थोडा थोडा त्या आकड्याकडे सरकत होता. काकांची निवृत्तीही तशीच सरकत होती. सणाची सुट्टी लागली की सगळी कंपनी खूश आणि हे एकटे नाराज. मशीन बंद पडलं की मेंटेनन्सवाल्यांना घरचे लाडू. "तो माझ्या हातनं पास झाला पाहिजे, राव. मग मी घरी जायला मोकळा."

तो आला थेट त्यांच्या शेवटच्या दिवशी. कुणीतरी कव्हरला झेंडूचा हार घातला. प्लँटच्या साहेबांनी पेढे मागवले. काकांनी नंबर दोनदा वाचला आणि कव्हरचं भोक मोजायचं गेज उचललं. त्याचं एक टोक भोकात जायला हवं, दुसरं जाता कामा नये. पहिलं गेलं. दुसरंही गेलं. त्यांनी गेज पुसून परत घातलं, तरी गेलंच.

"केसभराचा तर फरक आहे, काका," साहेब म्हणाले. "मी सही करतो, सोडा."

काकांनी हार काढून बाजूला ठेवला. "साहेब, आतल्या गिअरला काय कळतंय नंबर किती देखणा आहे ते? भोक मोठं झालंय." त्यांनी लाल रंगाचा ब्रश उचलला आणि नापासाची फुली मारली. फक्त नंबरावर रंग जाऊ दिला नाही.

पेढे आलेच होते, म्हणून आम्ही खाल्ले. इतका हट्टी आणि इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

संध्याकाळी भंगाराचा ट्रक गेटबाहेर पडेपर्यंत काका तिथंच उभे होते. कंपनीची बस त्यांच्यासाठी थांबली होती, आणि कधी नव्हे तो ड्रायव्हरने हॉर्न वाजवला नाही.

काका मोशीला राहायचे, आणि तिथल्या थांब्यावर बसमध्ये चढणारे ते एकटेच होते. दुसऱ्या दिवसापासून बस तिथं थांबेनाशी झाली.